देवाला हाक, शेजाऱ्याला झोप

(मीरा-भाईंदर येथे कष्टकरी व कारागीर मंडळींच्या बैठकीत केलेले भाषण)

आज या पटांगणात उत्तनचे कोळी बसले आहेत, राई-मुर्ध्याचे आगरी बसले आहेत, नयानगरातील शिंपीकाम व सुतारकाम करणारे मुसलमान बांधव आहेत, घाटावरून पोटासाठी आलेले आमचे मराठे, माळी, धनगर, महार-बौद्ध बांधव आहेत, आणि डोंगरी-उत्तनकडील ख्रिस्ती मंडळीही आहेत. एवढे सगळे एका सतरंजीवर बसले याचा आम्हास आनंद आहे. कारण ज्या गोष्टीविषयी आम्ही बोलणार आहोत, ती एकाच समाजापुढे बोलली की शिवी होते. सर्वांपुढे बोलली तरच विचार होतो.

गोष्ट भोंग्याची आहे. पहाटेची बांग भोंग्यावर, काकडआरती भोंग्यावर, नवरात्राचा गरबा भोंग्यावर, हळदीची रात्र डीजेवर, आणि पुढाऱ्याचा वाढदिवस तर विचारूच नका. प्रत्येकाला दुसऱ्याचा भोंगा ऐकू येतो. स्वतःचा मात्र कोणालाच ऐकू येत नाही. आम्ही येथे कोणत्याही धर्माची वकिली करण्यास अगर फिर्याद घेऊन आलेलो नाही. आमचे म्हणणे एवढेच, की प्रार्थना हा माणसाचा हक्क आहे, भोंगा हा हक्क नव्हे. आणि झोप हे गरिबाचे भांडवल आहे.

आधी झोपेचे पाहू. आपले हे गाव पूर्वी मिठागरांचे आणि भातखाचरांचे होते. रात्री भरतीच्या पाण्याचा आवाज ऐकू येई, एवढी शांतता. २००१ च्या खानेसुमारीत येथे पाच लाखांवर माणसे मोजली गेली. २००२ साली महानगरपालिका झाली, आणि २०११ च्या खानेसुमारीत आकडा आठ लाखांवर गेला. इमारतीला इमारत चिकटली. एकाच्या खिडकीतून दुसऱ्याचे ताट दिसते. या वस्तीत कोणी पहिल्या लोकलने जातो, तो पहाटे तीनला उठतो. कोणी शेवटच्या लोकलने येतो, तो दोनला अंग टाकतो. दवाखान्यातील आया आणि नाक्यावरचा पहारेकरी दिवसा झोपतात. उत्तनचा कोळी तर घड्याळाने नव्हे, भरती-ओहोटीने उठतो. श्रीमंताला आवाज नको झाला तर तो काचा लावतो आणि यंत्राचा गारवा सोडतो. पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्याने काय लावावे? कानात बोटे?

आमच्या चळवळीने विश्रांतीचा हा प्रश्न फार पूर्वी ओळखला होता. रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीरावांचे सहकारी. गिरणीकामगाराला आठवड्यास एक दिवस सुटी पाहिजे, म्हणून त्यांनी वर्षानुवर्षे धडपड केली आणि १८९० साली मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुटी मिळवून दिली. ज्यांनी अंगाला विसावा मिळवून दिला त्यांचे वारस आपण, आणि आपणच शेजाऱ्याचा विसावा मोडावा हे शोभत नाही.

आता देवाचे पाहू. इस्लाममध्ये पहिली बांग देणारा बिलाल हा हबशी गुलाम होता, गुलामगिरीतून सुटलेला. ज्याला कोणी माणसात धरीत नव्हते, त्याच्या कंठास हा मान मिळाला. आम्हां सत्यशोधकांना ही गोष्ट फार गोड वाटते. पण बिलालपाशी भोंगा नव्हता. त्याच्यापाशी त्याचा गळा होता. तुकोबांच्या हाती वीणा होती, मागे टाळकरी होते. विजेचा कर्णा नव्हता. हे यंत्र जगात येऊन पुरती दीडशे वर्षेही झालेली नाहीत, आणि ते आले तेव्हा हिंदुस्थानातील कित्येक मौलवींनीच नमाजात त्याच्या वापरास हरकत घेतली होती. मग ते धर्माचे अंग केव्हापासून झाले?

आपल्याच खाडीपलीकडचा दाखला घ्या. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली. उत्तनजवळचा धारावीचा किल्ला त्याच मोहिमेत पडला. त्या वेळी वसई मुलुखातील ख्रिस्ती देवळांच्या घंटा मराठ्यांनी नेल्या. नाशकात नारोशंकराच्या देवळी आणि भीमाशंकरी त्या आजही टांगलेल्या आहेत. घंटा तीच, नादही तोच; काल येशूच्या नावाने वाजली, आज महादेवाच्या नावाने वाजते. यावरून काय समजावे? आवाजाला धर्म नसतो. धर्म हा ऐकणाऱ्याच्या आणि म्हणणाऱ्याच्या काळजात असतो.

जोतीरावांनी आयुष्यभर एकच सांगितले: निर्मिक आणि माणूस यांच्यामध्ये दलाल नको. भटजीची दलाली आम्ही नाकारली. मग हा भाड्याचा कर्णा मध्ये कशाला? देव काही कानाने अधू नाही. मुंगीच्या पायातील घुंगरूही देवास ऐकू येते असे आपले म्हातारे सांगत आले, आणि आपण मात्र त्याच्यासाठी चार-चार भोंगे चढवितो!

आता कायद्याचे ऐका, कारण कायदा न कळल्यामुळे आपली मंडळी उगाच एकमेकांवर संशय घेतात. केंद्र सरकारने २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम केले. राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही आवाजाची मर्यादा. दोन माणसे समोरासमोर साधे बोलतात तो आवाज सुमारे ६० असतो. यावरून ४५ म्हणजे काय ते समजा. हा आकडा दहाने वाढला म्हणजे आवाजाची शक्ती दसपट होते आणि कानाला तो जवळजवळ दुप्पट लागतो. दवाखाना, शाळा आणि न्यायालय यांच्या सभोवती १०० मीटरपर्यंत मर्यादा याहून कडक. कर्णा लावावयाचा तर लेखी परवानगी पाहिजे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर कर्णा बंद. वर्षातून १५ दिवसांपर्यंत सणासाठी मध्यरात्रीपर्यंत सूट देण्याचा अधिकार सरकारला आहे, तेवढीच.

यात मशिदीचे नाव नाही, देवळाचेही नाही. पहाटेची बांग आपल्या भागात वर्षाचे बहुतेक दिवस सकाळी ६ च्या आत येते. कार्तिकातील काकडआरतीही ६ च्या आत येते. म्हणजे नियमाने दोघांनाही एकाच रांगेत उभे केले आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली जो निकाल दिला, तो मद्रासकडील एका ख्रिस्ती प्रार्थनामंदिराच्या खटल्यात दिला: दुसऱ्याची शांतता मोडून, कर्णे आणि ढोल लावून प्रार्थना करा असे कोणताच धर्म सांगत नाही. २०१६ साली मुंबईच्या उच्च न्यायालयाने ठाण्याच्या एका डॉक्टरांच्या अर्जावर हेच सांगितले, आणि २०२५ च्या जानेवारीत कुर्ल्याच्या रहिवाशांच्या अर्जावर पुन्हा सांगितले. या शेवटच्या निकालात एक गोष्ट गरिबाच्या कामाची आहे. तक्रार करणाऱ्याचे नाव पोलिसांनी फोडू नये, त्याची ओळख विचारत बसू नये, असे न्यायालयाने बजावले आहे. दुबळ्या भाडेकरूला याहून मोठा आधार कोणता?

आता मुसलमान बांधव म्हणतील, आमची बांग दोन-तीन मिनिटांची. तुमचा डीजे रात्र रात्र चालतो, त्याला कोणी विचारीत नाही. हे खरे आहे, आणि ते आम्ही येथे उघड कबूल करतो. हिंदू बांधव म्हणतील, आमचा सण वर्षातून एकदा; बांग रोज पाच वेळा. हेही खरे आहे. पण आजारी म्हातारीच्या छातीला मिनिटे कळत नाहीत आणि सणही कळत नाही. दहावीच्या पोराला पुस्तकातील अक्षर दिसेनासे होते, मग भोंगा कोणाचाही असो. सबब माप एकच ठेवा. एका घराला शेराचे माप आणि दुसऱ्याला पायलीचे, अशी वाण्याची लबाडी धर्मात आणू नका.

आणि ज्याचे पोट भांडणावर भरते त्यापासून सावध राहा. मशिदीपुढे वाद्ये वाजवावी की नाही यावरून आपल्या आजे-पणज्यांची डोकी फुटली. १८९३ च्या ऑगस्टात मुंबईत हिंदू-मुसलमानांचा मोठा दंगा झाला. त्या वेळी कामकऱ्यांत फिरून, राणीच्या बागेत एकोप्याची सभा भरविणारे गृहस्थ हेच लोखंडे होते. २०२२ च्या एप्रिलात राज ठाकरे यांनी मशिदींवरील भोंगे उतरविण्यास ३ मेची मुदत घातली, नाहीतर समोर हनुमान चालीसा लावू असे सांगितले. एका भोंग्यावर उतारा म्हणून दुसरा भोंगा! मग झोपणाऱ्याने जावे कोठे? २०२४ च्या जानेवारीत, अयोध्येच्या सोहळ्याच्या आदल्या रात्री, आपल्याच नयानगरात गाड्यांवरून घोषणा देत निघालेल्या मंडळींची व तेथल्या मंडळींची मारामारी झाली. अटका झाल्या, आणि दोन दिवसांत रस्त्याकडेची दुकाने पाडली गेली. यात रोज कोणाचा बुडाला? हातगाडीवाल्याचा, रिक्षावाल्याचा, शिलाईवाल्याचा. बंगल्यात राहणाऱ्याचा एक पैसाही गेला नाही.

मग वाट कोणती? आपल्या महाराष्ट्रातील दोन गावांनी ती दाखविली आहे. नांदेड जिल्ह्यातील बारड गावाने २०१८ साली ग्रामसभेत ठराव केला, की आमच्या गावात कोणाचाच भोंगा नको. देवळाचा उतरला, मशिदीचा उतरला, विहाराचाही उतरला. उलट जालना जिल्ह्यातील ढासला-पीरवाडी गावाने २०२२ साली, ऐन भोंग्याच्या धामधुमीत, ग्रामसभा भरवून ठरविले, की आमच्या मशिदीचा भोंगा उतरवू नये. तेथे बहुतेक वस्ती हिंदूंची. पण बांगेवर गावाचे कामाचे वेळापत्रक चालते, शेतकरी तिच्यावर उठतो आणि बसतो. दोन गावे, दोन उलटे ठराव. आम्हास दोन्ही गोड वाटतात, कारण दोन्ही ठिकाणी निकाल शेजाऱ्यांनी एकत्र बसून दिला. बाहेरच्या पुढाऱ्याने दिला नाही. अर्थात रात्रीचा कायदा सर्वांवर आहेच. शंभर जणांचे एकमत झाले तरी एकशेएकाव्याच्या तान्ह्या पोराची झोप ठरावाने काढून घेता येत नाही.

भोंगा मुळातच पापी आहे असेही आम्ही म्हणत नाही. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ पासून संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजू लागला, आणि तो वाजला की घरोघर दूरदर्शन आणि मोबाईल बंद करून पोरांनी दीड तास अभ्यासाला बसावे असे गावाने ठरविले. असा भोंगा असेल तर आम्ही त्यास हार घालू. वेळ ठरलेली, काम मोलाचे आणि गावाची संमती. या तीन गोष्टी असल्या म्हणजे तंटाच उरत नाही.

आता करावयाचे काय ते सांगून आम्ही संपवितो. पहिले, सुरुवात आपल्या भोंग्यापासून करा. हळदीचा डीजे दहाला बंद करून दाखवा, मग मशिदीच्या पायरीवर जाण्याचे तोंड तुम्हाला राहील. दुसरे, उंचावरचा एक मोठा कर्णा काढून आत लहान लहान पेट्या लावा. मोकळ्यात अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने उतरतो. म्हणून उंच कर्ण्याने जवळच्याचा कान फुटतो आणि दूरच्यास कळतही नाही. आतल्या पेटीने आलेल्या भक्ताला ऐकू येते आणि न आलेल्याची झोप राहते. तिसरे, मुसलमान बांधवांनी हे ध्यानात घ्यावे, की २०२१ साली खुद्द सौदी अरबस्तानच्या धर्मखात्याने बाहेरचे कर्णे बांग व इकामत एवढ्यापुरते आणि तेही यंत्राच्या एक-तृतीयांश आवाजावर आणले. मुंबईत २०२५ साली कर्णे उतरले तेव्हा कित्येक मशिदींनी बांग मोबाईलवर पोहोचविण्याची सोय केली. धर्म बुडाला नाही. चौथे, त्रास झाला तर आधी दोन शेजारी मिळून जा, चहा प्या आणि घरात आजारी कोण, परीक्षा कोणाची ते सांगा. बहुतेक माणूस ऐकतो. नाही ऐकले तर ११२ वर कळवा. पण ज्या दिवशी त्यांच्याविरुद्ध कळविले, त्याच मापाने आपल्या मंडळाविरुद्धही कळविण्याची हिंमत ठेवा. ती नसेल तर ती तक्रार झोपेची नव्हे, द्वेषाची आहे असे समजा.

जोतीरावांनी आपल्या शेवटच्या ग्रंथात एका कुटुंबाचे चित्र काढले आहे. आई बौद्ध, बाप ख्रिस्ती, मुलगी मुसलमान, मुलगा सत्यधर्मी. आणि सर्वांनी एका घरात प्रेमाने नांदावे. ते घर कोठे असेल असा कित्येकांना प्रश्न पडतो. बंधुभगिनींनो, मीरा-भाईंदरच्या प्रत्येक चाळीत ते घर आहे. फक्त मधल्या भिंती पातळ आहेत. पातळ भिंतीच्या घरात मोठ्याने बोलत नाहीत, एवढेच आपण एकमेकांना शिकवू या.

सत्यमेव जयते.