गुरुवारची सुट्टी आणि रविवारची उपासना

धर्म प्रार्थनामंदिरात करायचा आणि पोट कारखान्यात भरायचे, अशी एक सोयीस्कर वाटणी आपल्यापैकी पुष्कळांनी करून ठेवलेली आहे. चिंचवडच्या ख्रिस्ती कामगाराला मात्र ही वाटणीसुद्धा धड करता येत नाही. कारण साधे आहे. पिंपरी, चिंचवड, भोसरी या पट्ट्यातल्या बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, आणि चर्चमधली उपासना रविवारी. रविवारी सकाळी मंडळी गायनाला उभी राहतात तेव्हा हा गृहस्थ पहिल्या पाळीत लेथपाशी उभा असतो; आणि गुरुवारी त्याला सवड मिळते तेव्हा चर्चच्या दाराला बहुधा कुलूप असते. आता तुम्हीच सांगा, या माणसाने ख्रिस्ती असायचे ते केव्हा?

प्रश्न थट्टेचा वाटेल, पण तो थट्टेवारी नेण्यासारखा नाही. आठवड्यातून एकदा, स्वच्छ कपडे घालून, दीड तास करायची गोष्ट म्हणजे धर्म असेल, तर या माणसाचा धर्म बुडालाच म्हणायचा. आणि तसे नसेल, तर मग तो उरलेल्या सहा दिवसांत कुठेतरी दिसला पाहिजे. कुठे दिसावा, आणि दिसला तर शेजाऱ्याला तो कसा दिसावा, एवढ्याच गोष्टीविषयी आज मी तुमच्याशी बोलणार आहे.

आधी गाव पाहू. चिंचवड म्हटले की मोरया गोसावींची समाधी आणि पवनेचा काठ डोळ्यांपुढे येतो. देहू हाकेच्या अंतरावर, आळंदी तशीच. तुकोबांची पालखी देहूहून निघाली म्हणजे वाटेत आकुर्डीला मुक्काम करते. या पुण्यभूमीवर १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी औषध कारखाना स्थापन झाला. १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ आले, पाठोपाठ स्कूटरींचे आणि मोटारींचे मोठमोठे कारखाने आले, आणि १९८२ मध्ये महानगरपालिकाही झाली. या कारखान्यांच्या मागोमाग नगरकडून, मराठवाड्यातून, गोव्याहून, केरळातून आणि तमिळनाडूतून ख्रिस्ती माणसे इथे पोटासाठी आली. नगरकडच्या माणसाने गावचा सलाम आणला, मल्याळी माणसाने आपली भाषा आणली. सगळ्यांना शेजार मिळाला तो गणपतीचा आणि विठोबाचा.

या शेजाराची काहींना अडचण वाटते. मला ती वाटत नाही, आणि त्याला नारायण वामन टिळकांचे नाव हे पुरेसे कारण आहे. टिळक हे १८६१ साली करजगावी जन्मलेले चित्पावन ब्राह्मण, कवी, संस्कृतचे जाणते. पुढे ते ख्रिस्ती झाले. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते मानीत असत. म्हणजे देहूची वाट आडवी आली नाही, ती पायाखाली आली. त्यांची शेकडो भजने आज मराठी मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या गायनसंग्रहामुळे घरोघर गेली आहेत, आणि त्यांतला कितीतरी भाग टाळमृदंगावर म्हणण्याजोगाच आहे.

पण हे टिळक ख्रिस्ताकडे वळले कसे? कुणा मोठ्या प्रवचनकाराने वळवले नाही. ते नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने निघाले होते. डब्यात एक अनोळखी युरोपियन गृहस्थ होते. त्यांनी टिळकांशी सभ्यपणे बोलणे सुरू केले. आधी संस्कृत काव्याविषयी बोलणे झाले, मग जगण्याविषयी, मग ख्रिस्ताविषयी. उतरताना त्यांनी नवा करार हातात ठेवला, आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीतही केले. टिळकांनी पुस्तक वाचायचे कबूल केले होते, म्हणून ते वाचायला घेतले. आणि पर्वतावरच्या प्रवचनापाशी आल्यावर पुस्तक खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या सहप्रवाशाचे नावसुद्धा टिळकांना ठाऊक नव्हते.

पुणे-लोणावळा लोकलने जाणाऱ्या प्रत्येक ख्रिस्ती माणसाने ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. मात्र ती नीट ध्यानात ठेवावी. एखादा उत्साही बंधू चटकन म्हणेल, ‘बघा, डब्यात पुस्तके वाटली पाहिजेत!’ अहो, त्या गृहस्थांनी पुस्तके वाटली नाहीत. त्यांनी एका माणसाशी बोलणे केले, त्याला जे प्रिय होते त्यापासून सुरुवात केली, त्याचे ऐकून घेतले आणि मग आपल्याजवळचे दिले. चिंचवड स्टेशनापासून आकुर्डीपर्यंतच्या काही मिनिटांत कुणाच्या हातात जबरीने पत्रक कोंबणे हा निराळाच प्रकार झाला. त्या पत्रकाचे पुढे काय होते ते फलाटावरच्या झाडूवाल्याला विचारा.

टिळकांच्या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग याहून कठीण आहे, आणि माझ्या मते अधिक मोलाचा. त्यांच्या बाप्तिस्म्याने त्यांची पत्नी लक्ष्मीबाई उन्हात पडल्या. नवरा जिवंत असून नसल्यासारखा, पदरात लहान दत्तू, आणि नातलगांच्या घरी दिवस काढायचे. नाशिक, पंढरपूर अशी चार-पाच वर्षे गेली. या बाईंनी ‘स्मृतिचित्रे’त हे सगळे लिहून ठेवले आहे, १९३४ ते १९३६ या काळात त्याचे चार भाग निघाले. नवऱ्याला त्यांनी त्यात साधू करून ठेवलेले नाही. त्याचा तापटपणा, विसरभोळेपणा, हाताला येईल ते देऊन टाकण्याची खोड, आणि त्यापायी घरात पडणारी ओढ हे सारे आहे. तुम्ही कोणत्याही धर्माचे असा, हे पुस्तक वाचले नसेल तर जरूर वाचा. मराठीत इतके निर्मळ हसू फार थोड्या पुस्तकांत आहे.

दोघे पुन्हा एकत्र आले तेव्हा टिळकांनी काय केले? बायकोला धर्म बदलायला लावले नाही. तिचे सोवळे चालू राहिले, तिची चूल आणि तिचे पाणी वेगळे राहिले. घरात ख्रिस्ती नवरा आणि सोवळ्यातली बायको! बाईंनी त्या माणसाला रोज जवळून पाहिले. जात देवाने केली की माणसाने, हा विचार त्यांच्या मनात आपणहून उभा राहिला. एके दिवशी त्यांनी स्वतःच ठरवले, की यापुढे कुणाच्याही हातचे खाईन-पिईन. बाप्तिस्मा १९०० साली झाला. पुढे प्लेगच्या दिवसांत रोग्यांच्या उशाशी बसणाऱ्या, परक्या पोरांना पोटाशी धरणाऱ्या, आणि टिळकांनी अर्धवट ठेवलेल्या ‘ख्रिस्तायना’चे चौसष्ट अध्याय पुरे करणाऱ्या लक्ष्मीबाई त्या याच.

ज्याला आपल्या घरातल्या माणसाबद्दलही एवढा धीर धरवत नाही, त्याने शेजाऱ्याच्या आत्म्याची काळजी वाहू नये, असे मला स्वच्छ वाटते.

कायद्याचेही एक वाक्य इथे बोलून टाकतो, कारण त्याबद्दल दोन्ही बाजूंनी गैरसमज आहेत. आपल्या घटनेच्या पंचविसाव्या कलमाने प्रत्येकाला आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य या त्याच्या मर्यादा. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की प्रसार करण्याच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क येत नाही. म्हणजे आपल्या श्रद्धेविषयी बोलणे हा गुन्हा नव्हे, आणि दुसऱ्याचे मन ही आपली मिळकत नव्हे. ख्रिस्ती माणसाला यात जाचक काय आहे ते मला कळत नाही. मन वळवणे हे देवाचे काम आहे असेच तर तो मानतो.

आता कारखान्यात चला. पौल प्रेषित तंबू शिवणारा कारागीर होता, आणि करिंथात तो अक्विला व प्रिस्किल्ला या कारागीर दांपत्याबरोबर राहून आपल्या हातांनी मिळवून खात असे. त्याच्या तंबूची शिवण उसवली असती तर त्याचे प्रवचन कुणी ऐकले असते का? समजा, तुम्ही तपासणीच्या टेबलावर आहात. महिनाअखेर आहे, माल सुटायचा आहे, आणि एका खोक्यातले काही जॉब मापात बसत नाहीत. वरचा माणूस म्हणतो, ‘सोडून दे रे, कोण बघतंय!’ ब्रेकचा भाग असेल तर कोण बघणार आहे ते उघड आहे: घाटात उतरणारा कुणी अनोळखी स्कूटरवाला. तिथे ‘नाही’ म्हणणे महागात पडते. ओव्हरटाइम जातो, पाळी बदलते, कंत्राटी असाल तर नोकरीही जाते. घरात दोन शाळकरी मुले असलेल्या माणसाला ही गोष्ट खुर्चीत बसून सांगणे सोपे नाही, आणि मी ती सोपी आहे असे म्हणत नाही. पण विश्वास जगणे याचा अर्थ शोधायला निघालात तर तो या टेबलापाशी आधी सापडेल, वेदीपाशी मागाहून.

आणि कॅन्टीन! तिथे एका बाकावर कायमचे कामगार बसतात, दुसऱ्या बाकावर कंत्राटी. गणवेश निराळा, पगार निराळा, आणि हळूहळू बोलणेही निराळे. लक्ष्मीबाईंनी पाण्याचा विटाळ मोडून शंभराहून अधिक वर्षे झाली. हा नवा विटाळ आपल्याला अजून दिसतच नाही. कायमच्या ख्रिस्ती कामगाराने आपला डबा उचलून त्या दुसऱ्या बाकावर जाऊन बसावे. कुणाला काही समजावून सांगायची गरज नाही. चार दिवसांनी कुणीतरी आपणच विचारील, ‘का हो, तुम्ही इकडे कसे?’ मग सांगावे. विचारल्यावर लपवू नये, हेही तितकेच खरे. पुष्कळ ख्रिस्ती मंडळी आडनावावरून ओळख पटत नाही याचा आडोसा घेऊन वर्षानुवर्षे गप्प बसतात. त्यांचे भय मी समजू शकतो, पण ख्रिस्ताने दिवा मापाखाली झाकू नका असे सांगितले आहे. त्याच प्रवचनात दान करताना कर्णे वाजवू नका आणि प्रार्थना करताना दार लावून घ्या असेही सांगितले आहे. या दोन आज्ञांच्या मधून वाट काढणे, यातच सगळे कसब आहे. मला तिचा अर्थ असा लागतो: काम दिसू द्यावे, आपण दिसू नये.

टिळकांनीही अखेर अशीच वाट काढली. वर्षानुवर्षे मिशनची नोकरी केल्यावर, १९१७ साली, पंचावन्न वर्षे उलटल्यावर त्यांनी पगार सोडला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभा केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात यावेत अशी त्यांची योजना होती. ९ मे १९१९ रोजी ते वारले, त्यामुळे दरबार फार वाढला नाही. पण पगारी उपदेशकाच्या बोलण्याला लोक पगाराच्या मापाने मोजतात, हे त्यांनी ओळखले होते. लेथवर उभ्या असलेल्या कामगाराला या बाबतीत धर्मोपदेशकापेक्षा एक सवलत आहे: ख्रिस्ताविषयी बोलण्याचा त्याला कुणी पगार देत नाही.

तेव्हा गुरुवारचे काय करायचे? माझे सांगणे असे, की रविवार हुकला म्हणून खंत करत बसू नका. पाळी बदलेल तेव्हा मंडळीत अवश्य जा. गुरुवारी संध्याकाळी आपल्याच खोलीत भजन लावा. टाळ नसेल तर शेजाऱ्याकडून मागून आणा. चिंचवडात टाळाला तोटा नाही. तो शेजारी टाळ द्यायला येईल तेव्हा त्याला ‘बसा’ म्हणा, चहा द्या. टिळकांच्या भजनाची चाल त्याच्या ओळखीची निघेल आणि तो बसल्या बसल्या ताल धरील. नाताळात तुमच्या घरच्या करंज्या त्याच्याकडे गेल्या असतील तर तो नक्कीच बसेल. आठ वाजले की मात्र भजन थांबवा. वरच्या मजल्यावर रात्रपाळीचा माणूस झोपलेला असतो.