गाईची कास आणि धारेचें यंत्र

नेवासें तालुक्यांतील घोडेगांवच्या जनावरांच्या बाजारांत गाय घेण्यास आलेला नवखा माणूस पहिला प्रश्न विचारतो, "दूध किती?" जाणता मात्र गाईच्या मागें जाऊन वांकतो आणि कास पाहतो. दुधाचा आंकडा विकणारा वाटेल तो सांगेल. कासेला तें साधत नाहीं. अहिल्यानगर जिल्ह्यांत, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरांत, या वांकून पाहण्याला आतां अधिकच महत्त्व आलें आहे. कारण पुष्कळ गोठ्यांत धार मुठीनें नव्हे, यंत्रानें निघते.

या गाई बहुतेक संकरित. मणिभाई देसाई यांनीं १९६७ सालीं उरुळीकांचन येथें स्थापिलेल्या बाएफ संस्थेनें पुढें विदेशी वळूंचें गोठविलेलें वीर्य खेडोपाडीं पोंचविलें. १९६८ सालीं निघालेल्या राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठानें गीर, जर्सी व होल्स्टीन यांच्या मेळांतून 'फुले त्रिवेणी' गाय सिद्ध केली. संकरानें दूध वाढलें, यांत शंका नाहीं. परंतु गीर गाईची कास पुष्कळदां लोंबती आणि सड जाड, होल्स्टीनची कास पोटाला धरून. त्यांच्या कालवडींत कोणता घाट उतरेल याचा नेम नाहीं. एकाच दावणीला वाटीसारखी, गोल, शेळीसारखी आणि लोंबती अशा सगळ्या तऱ्हेच्या कासा आढळतात.

यंत्राचा पेला दुपदरी असतो, बाहेर कठीण कवच व आंत रबरी नळी. सडाच्या टोकाशीं हवेचा दाब सुमारें निम्म्यावर आणला जातो व दूध ओढलें जातें. दोन पदरांच्या मध्यें मिनिटाला साठेक वेळां हवा येते आणि जाते; ती आली कीं रबर मिटतें आणि सडाला विसावा मिळतो. युक्ति सुंदर आहे. पण वासराला तोंड वळवितां येतें, माणसाला मूठ बदलतां येते. पेल्याला यांतलें कांहीं येत नाहीं. सड फांकलेले असले कीं पेला तिरपा बसतो, फुसकन् हवा आंत शिरते, आणि त्या झोतासरशीं दुधाचे थेंब, त्यांत रोगजंतु असल्यास त्यांसह, उलटे जाऊन दुसऱ्या सडाच्या तोंडावर आपटतात. सड फार बारीक असला तर पेला वर सरकून कासेंतून सडांत उतरणारी वाटच दाबतो. दूध आंत, चरवी कोरडी. शिवाय कासेच्या मागल्या भागांत दूध अधिक असतें, त्यामुळें पुढले सड आधीं रिते होतात. हातानें धार काढणारी बाई रिता सड सोडून देते. यंत्र ओढीतच राहतें. यंत्र विकणाऱ्याच्या पत्रकांत हें सहसा नसतें.

मग दगडी होते. कास तापते, दुधांत गुठळ्या येतात, उशीर झाला तर सड कायमचा आटतो. तीन सडांच्या गाईला बाजारांत कोण विचारतो? कर्जाचा हप्ता मात्र चार सडांचाच भरावा लागतो.

यावरचा लांबचा उपाय पैदाशींत आहे, आणि तो फ्रान्सांतील मेंढपाळांनीं करून पाहिला आहे. मेंढीचे सड बाजूस वळलेले असले म्हणजे दूध सडाच्या पातळीखालीं सांचून राहतें व कास उचलून धरावी लागते. म्हणून रोकफोर चीजसाठीं पाळल्या जाणाऱ्या लाकोन मेंढ्यांत एडका निवडतांना दुधाबरोबर कासेचा घाटहि मोजूं लागले. (दख्खनी मेंढीला अद्याप यंत्राची गांठ नाहीं, धनगर तिची धार घरापुरती हातानेंच काढतो.) इकडे गाय भरवितांना शेतकरी वळूच्या आईचें दूध विचारतो. त्याच्या मुलींची कास कशी, हेंहि त्यानें विचारावें.

तोंवर गोठ्यांत करण्याजोगें थोडकें आहे. कास धुवून कोरडी पुसावी, पहिल्या धारा वेगळ्या काढून पाहाव्या, आणि मिनिटाभरानें पेले लावावे. पान्हा कांहीं मिनिटेंच टिकतो. दूध थांबतांच पेले काढावे. आणि जिचे सड पेल्याला जमतच नाहींत तिची धार हातानें काढावी. बाकीच्या आठ यंत्राखालीं आहेत, म्हणून नववीलाहि तेथेंच उभें करण्याचें कारण नाहीं.