पदवी, प्रमाणपत्र आणि आपल्या मुली

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनी चार शब्द बोला असा निरोप आला, तेव्हा मी प्रथम नकोच म्हटले. सभेत उभे राहून बोलण्याची मला सवय नाही. परंतु निरोप घेऊन आलेल्या भगिनी म्हणाल्या, "काकू, दहावी-बारावीचे निकाल लागले की मुलीला कोठे घालावे हे विचारायला सगळ्या तुमच्याचकडे येतात. तेच एकदा सर्वांना मिळून सांगा." हे मात्र खरे आहे. माझ्या ओट्यावर जून महिन्यात गुणपत्रिकांचा बाजार भरतो. तेव्हा आज तोच विषय घेते. मुलीने तीन-चार वर्षे घालवून पदवी घ्यावी, की एक-दोन वर्षांत एखाद्या व्यवसायाचे प्रमाणपत्र मिळवून कामाला लागावे?

आपल्या मराठवाड्यात पदवीचा मान मोठा आहे आणि त्याला कारणही आहे. १९४८ सालापर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती आणि मराठी घरातल्या मुलाला पुढे शिकायचे तर वाट दूरची होती. मराठवाडा विद्यापीठ निघाले ते १९५८ साली. आपल्या आजोबांना जी गोष्ट मिळाली नाही ती नातवंडांना मिळावी, असे वाटणे साहजिक आहे. दारावरच्या पाटीवर नावापुढे 'बी.ए.' लागले की घराला उजाळा येतो, असे आपण मानत आलो. मी त्याला नावे ठेवणार नाही.

परंतु पदवी नसली म्हणजे शिक्षणच नाही, ही समजूत बरोबर नव्हे. सावित्रीबाई फुल्यांकडे कोणती पदवी होती? १८४८ साली पुण्याची मुलींची शाळा निघाली तेव्हा मुंबई विद्यापीठसुद्धा जन्माला यायचे होते. ते १८५७ सालचे. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे प्रशिक्षण मात्र घेतले होते आणि त्या विद्येवर त्या उभ्या राहिल्या. पुढे १९०९ साली पुण्यात सेवासदन निघाले. रमाबाई रानड्यांच्या देखरेखीखाली तेथे कितीतरी विधवा आणि निराधार स्त्रिया शिक्षिका, परिचारिका आणि सुईण होऊन बाहेर पडल्या. आज ज्याला आपण 'सर्टिफिकेट कोर्स' म्हणतो, ती गोष्ट महाराष्ट्रातल्या बाईला नवीन नाही. किंबहुना, पुष्कळ जणी प्रथम घराबाहेर पडून स्वतःच्या कमाईची भाकरी खाऊ लागल्या त्या अशा शिक्षणाच्या जोरावर.

आता आपल्या जिल्ह्यात काय मिळते ते पाहू. आपल्याकडे आयटीआय आहे. ही कारागीर प्रशिक्षणाची सरकारी योजना १९५० सालची. शिवणकाम, संगणक चालविणे, वेल्डिंग हे एका वर्षाचे व्यवसाय. वीजतंत्री, फिटर, आराखडे काढणारी ड्राफ्ट्समन हे दोन वर्षांचे. काहींना आठवी उत्तीर्ण चालते, काहींना दहावी लागते. महाराष्ट्रात या जागांपैकी शेकडा ३० मुलींसाठी राखून ठेवल्या आहेत, हे आपल्यापैकी किती जणींना ठाऊक आहे? आपल्या गावात लोखंडी सळईचे कारखाने आहेत, तेथे वीजतंत्री आणि फिटर लागतातच. शिवाय १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याप्रमाणे कारखान्यात काम शिकत असताना विद्यावेतन मिळते. मुलगी हातात पाना धरील का, असे विचारणाऱ्या भगिनींना मी एवढेच म्हणते की, जाते फिरवणाऱ्या हाताला पाना जड होत नाही.

याखेरीज बारावीनंतर दोन वर्षांचा एएनएम आणि तीन वर्षांचा जीएनएम हे परिचारिकांचे अभ्यासक्रम आहेत. दहावीनंतर तीन वर्षांची पॉलिटेक्निकची पदविका आहे. कारकुनाच्या जागेसाठी मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्दांच्या वेगाची टंकलेखनाची सरकारी परीक्षा आहे. ज्यांना संसार सोडून जाता येत नाही त्यांच्यासाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ सालापासून आहे. थोडक्यात, वाटा पुष्कळ आहेत. तरीही मी 'प्रमाणपत्र घ्या आणि मोकळ्या व्हा' असे सरसकट का सांगत नाही, हे कळण्यासाठी मला स्वतःच्या घरातली गोष्ट सांगावी लागेल. ती मी आजवर कोणाजवळ बोललेली नाही.

मला एक मुलगा आणि एक मुलगी. मुलाला इंजिनिअर करायचे असे यजमानांनी ठरवले. त्यासाठी दोन एकर रान गहाण पडले. मुलाच्या कॉलेजला मान्यता आहे की नाही, वसतिगृह कसे आहे, हे पाहायला ते दोनदा औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, जाऊन आले. चार वर्षांची पाच वर्षे झाली, पण मुलगा इंजिनिअर झाला. आज पुण्याला नोकरीत आहे, त्याचे बरे चालले आहे.

मुलगी बारावी झाली तेव्हा घरात पैसा उरला नव्हता. रस्त्यावर एक पाटी दिसली, 'एका वर्षात नर्स व्हा.' आम्हाला आनंद झाला. वर्ष थोडे, फी हप्त्याने आणि रोज घरी परत. मुलगी पांढरा गणवेश घालून जाऊ लागली. वर्ष संपले, सोनेरी किनारीचे प्रमाणपत्र मिळाले. मी ते काच लावून देवघराशेजारी टांगले. पेढेसुद्धा वाटले, तुमच्यापैकी काहींनी ते खाल्ले आहेत.

मग ती एका रुग्णालयात कामाला म्हणून गेली. तेथल्या मुख्य परिचारिकेने कागद हातात घेतला आणि विचारले, "नोंदणी क्रमांक कोठे आहे?" परिचारिका म्हणून काम करायचे तर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नाव नोंदवावे लागते, आणि ती नोंद मान्यता असलेल्या शाळेतून शिकलेल्या मुलीचीच होते. आमच्या त्या संस्थेला मान्यताच नव्हती. मुलीचे वर्ष गेले, हप्ते गेले आणि काचेतला कागद काचेतच राहिला.

ती त्या दिवशी रडली नाही. रात्री भाकरी करताना एवढेच म्हणाली, "आई, दादाच्या कॉलेजची मान्यता बघायला बाबा दोनदा औरंगाबादला गेले. माझ्या शाळेची मान्यता बघायला कोणी गेलं का?"

भगिनींनो, या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. ती संस्था येथल्या येथे होती, फार तर अर्ध्या तासाची वाट. पण गेले कोणीच नाही. मी सुद्धा गेले नाही. फसवणारा फसवतो, तो त्याचा दोष. परंतु चौकशी न करण्याचा दोष आमचा होता. आणि खरे बोलायचे तर, आम्ही ते लहान शिक्षण मुलीसाठी निवडले होते ते तिला आवडते म्हणून नव्हे. ते स्वस्त होते, जवळ होते आणि लग्नापूर्वी आटोपणार होते, एवढ्यासाठीच.

मला आज जे सांगायचे आहे ते एवढेच आहे. लहान मुदतीचे शिक्षण हलके नव्हे. परंतु मुलगी आहे म्हणून जे निष्काळजीपणे निवडले जाते, ते हलके ठरते. पदवी असो वा प्रमाणपत्र, मुलासाठी जेवढी चौकशी करतो तेवढीच मुलीसाठी करायला हवी. ती कशी करावी, हे मी ठेच लागल्यावर शिकले.

पहिली चौकशी अशी की, हा कागद कोणाच्या मान्यतेचा आहे? आयटीआयचे राष्ट्रीय प्रमाणपत्र वेगळे आणि एखाद्या दुकानाने आपल्या शिक्क्याने दिलेले वेगळे. संस्थेचे नाव त्या त्या सरकारी यादीत आहे का, हे फी भरण्यापूर्वी पाहावे. 'मान्यता येणारच आहे' असे सांगणाऱ्याला 'आली की आम्हीही येऊ' म्हणून नमस्कार करावा.

दुसरी चौकशी कामाची. कागद खरा असला तरी काम मिळेलच असे नाही. डी.एड. ची लाट आपण सर्वांनी पाहिली आहे. दोन वर्षांत मास्तरीण होता येते म्हणून गावोगावच्या मुली तिकडे गेल्या. पुढे २०१२ नंतर काही वर्षे शिक्षक भरती जवळजवळ बंदच राहिली आणि कितीतरी हुशार मुली घरी बसल्या. तेथे मान्यता होती, पण जागा नव्हती. तेव्हा मागच्या दोन-तीन वर्षांत तेथून शिकून गेलेल्या मुली आज काय करतात, हे त्यांच्या घरी जाऊन विचारावे. संस्थेच्या माहितीपत्रकापेक्षा त्या मुलीची आई खरे सांगते.

तिसरी चौकशी पुढच्या पायरीची. काही प्रमाणपत्रे जिन्यासारखी असतात, तर काही भिंतीसारखी. दहावीनंतर आयटीआयचा दोन वर्षांचा व्यवसाय पूर्ण केला तर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते आणि पदविका झाली की इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. जीएनएम झालेली परिचारिका पुढे दोन वर्षांत बी.एस्सी. होऊ शकते. २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणाने तर पदवीलाच पायऱ्या केल्या आहेत. ठरलेले अभ्यासाचे आणि व्यवसायाचे काम पुरे केले तर पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी आणि चौथ्यानंतर ऑनर्स. म्हणजे ज्या मुलीचे शिक्षण मध्येच सुटते तिचे सगळेच वाया जात नाही आणि तिला परत येता येते. पूर्वी दोन वर्षे कॉलेज करून लग्न झालेल्या मुलीच्या हाती फक्त ओळखपत्र राहत असे.

येथे आणखी एक गोष्ट मनात येते. आपल्या जालन्याचे नाव बियाण्यामुळे देशभर झाले. १९६४ साली येथे बद्रीनारायण बारवाले यांनी महिको ही कंपनी काढली. त्यांना १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. परंतु संकरित कपाशीचे बी तयार होते कोणाच्या हाताने? संध्याकाळी कळीतला नर भाग नखाने अलगद काढायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या जातीच्या फुलाचा पराग तिला लावायचा. याला आपण 'क्रॉसिंग' म्हणतो. कळीला इजा झाली तर बोंड गेले. हे काम आपल्या बायका वर्षानुवर्षे करीत आल्या. हे शास्त्र नव्हे तर काय? परंतु कागद नाही, म्हणून तिची गणना रोजंदारीच्या मजुरात. अंगी असलेल्या कौशल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय सरकारच्या कौशल्य विकास योजनेत २०१५ पासून आली. ज्या मुलीला मातीची आवड आहे तिच्यासाठी दहावीनंतरची कृषी पदविका आहे. खरपुडीचे कृषी विज्ञान केंद्र तर आपल्या जवळच आहे. तेथे जाऊन विचारायला तिकीट काय ते लागेल.

आणि हे सांगताना दुसरी बाजू विसरून चालणार नाही. ज्या मुलीला खरोखरच डॉक्टर, इंजिनिअर, वकील व्हायचे आहे, तिला 'लहान कोर्स कर' म्हणून मागे ओढू नका. २०२४-२५ पासून महाराष्ट्र शासनाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गातील, ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले आहे. प्रवेश मात्र शासनाच्या प्रवेश प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. तेव्हा 'मुलीसाठी पैसा नाही' हे वाक्य तोंडातून निघण्यापूर्वी एकदा चौकशी करा.

माझ्या मुलीचे पुढे काय झाले, हे तुम्ही विचाराल. तिने मान्यता असलेल्या शाळेत पुन्हा पहिल्यापासून दोन वर्षांचा एएनएम केला. या वेळी प्रवेशापूर्वी आम्ही दोघी मायलेकी गेलो, यादी पाहिली आणि तेथे शिकणाऱ्या मुलींशी बोललो. आज ती एका आरोग्य उपकेंद्रात आहे. बाळंतिणी तिचे नाव घेऊन येतात. तिला आता जीएनएम करायचे आहे, आणि तिच्या सासूबाई, ज्या या सभेत बसल्या आहेत, म्हणाल्या, "जा, नातवंडाला मी सांभाळते." मी त्यांची ऋणी आहे. ते काचेतले प्रमाणपत्र मी काढून टाकणार होते, पण मुलीने काढू दिले नाही. म्हणते, "राहू दे. कोणी विचारायला आलं की दाखव."

आता मंडळाला माझी एक सूचना आहे. आपण हळदीकुंकू करतो, भोंडला करतो, सहलीला जातो. यंदापासून एक वही ठेवू. ज्या घरात मुलगी दहावी किंवा बारावीला आहे, तिचे नाव त्यात लिहू. प्रवेशाच्या दिवसांत त्या मुलीबरोबर मंडळाच्या दोघी जणी संस्थेत जातील आणि या तीन गोष्टी विचारून येतील. जे कळेल ते वहीत लिहितील, म्हणजे पुढच्या वर्षी दुसरीला ते उपयोगी पडेल. याला पैसा लागत नाही. दुपारची झोप तेवढी मोडेल. पहिल्या वर्षी जाणाऱ्यांत माझे नाव लिहून घ्या.

"माझ्यासाठी कोणी गेलं का?" असे आपल्या गल्लीतल्या कोणत्याही मुलीला यापुढे विचारावे लागू नये.