मिनेसोटातले रस्त्याकडेचे पुतळे
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला 'एआय आणि आपलं भविष्य' हा विषय सुचवला होता. मी नम्रपणे नाही म्हटलं. तो विषय रोज ऑफिसात पुरेसा होतो, आणि जेवणाची वेळही होत आली आहे. त्यापेक्षा मी अमेरिकेतल्या ज्या राज्यात राहते, त्या मिनेसोटातल्या पुतळ्यांबद्दल बोलते. पुतळे म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर घोडा, तलवार, चौथरा आणि जयंतीचा हार आला असेल. हे पुतळे तसले नाहीत. कुणी भाजीवाला राक्षस आहे, कुणी टर्की कोंबडा आहे. फर्गस फॉल्स नावाच्या गावात तर चाळीस फूट लांबीचं पाणमांजर बसलेलं आहे.

आधी हे होतं कसं ते सांगते. राज्याच्या दक्षिण टोकाला ब्लू अर्थ नावाचं छोटं गाव आहे. बोस्टनपासून सिएटलपर्यंत जाणाऱ्या आय-९० महामार्गाचा मिनेसोटातला शेवटचा तुकडा १९७८ साली याच भागात जोडला गेला. गाड्या आता गावात न शिरता बाहेरून सुसाट जाणार होत्या. बायपास झाल्यावर गावातल्या हॉटेलांचं आणि पंक्चरवाल्यांचं काय होतं, हे आपल्याला कुणी सांगायला नको. गावाने दुसऱ्याच वर्षी 'जॉली ग्रीन जायंट' उभा केला. डबाबंद मटार-मक्याच्या एका प्रसिद्ध ब्रँडचा हा हिरवा राक्षस, अंगात पानांचा झगा, कमरेवर हात आणि उंची पंचावन्न फूट. महामार्गावरून दिसतो, मुलं मागच्या सीटवरून ओरडतात, गाडी वळते आणि गावात दोन कॉफी जास्त खपतात.

यातले बरेच पुतळे फायबरग्लासचे असतात. साच्यावर काचतंतूंचे थर रेझिनमध्ये भिजवून चढवायचे, वाळले की सोडवायचे, तुकडे जोडायचे. वजनाला हलके, आतून पोकळ. शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यात स्पार्टा या गावी असे पुतळे बनवणारा एक कारखाना आहे. त्याच्या आवारात जुने साचे गवतात तसेच पडलेले असतात. साचा पुन्हा वापरता येतो, म्हणून एकच प्राणी दुसऱ्या राज्यात वेगळ्या रंगात भेटतो. आम्ही सॉफ्टवेअरवाले यालाच मोठं नाव देऊन पगार घेतो. धोका एकच, हे पेटतं. फ्रेझी गावचा टर्की कोंबडा १९९८ साली डागडुजी चालू असताना टॉर्चच्या ठिणगीने जळून गेला. गावाने नवा आणून बसवला.

डार्विन गावी सुतळीचा गोळा आहे. फ्रान्सिस जॉन्सन नावाच्या माणसाने १९५० साली सुरुवात केली आणि एकोणतीस वर्षं एकट्याने गुंडाळत राहिला. बारा फूट व्यास, वजन १७,४०० पौंड, म्हणजे जवळजवळ आठ टन. का, असं विचारू नका. आपल्या वर्गातही असे लोक होते, ते आज इथे हजर आहेत.

माझं सगळ्यात लाडकं गाव व्हायनिंग. शंभर माणसंसुद्धा नाहीत तिथे. केन नायबर्ग हे बांधकामात काम केलेले गृहस्थ. त्यांनी भंगार लोखंडातून जोडून पुतळे केले. एक प्रचंड पाऊल, एक कपड्याचा चिमटा, आणि एक हवेत तिरका लटकलेला कॉफीचा कप. खाली सांडणारी कॉफी हाच त्या कपाचा खांब आहे. वर्कशॉपच्या तासाला जॉब करताना हातोडीने बोटं सुजवून घेतलेल्या माझ्यासारखीला तो कप बघून पहिल्यांदा वेल्डिंगबद्दल आदर वाटला. त्यांनी एक अंतराळवीरही केला आहे. तो त्यांच्या मुलीसाठी. कॅरन नायबर्ग, मेकॅनिकल इंजिनिअर, २००८ आणि २०१३ साली अंतराळात जाऊन आल्या. बापाने लेकीचा सन्मान लोखंडात करावा आणि गावाने तो रस्त्याकडेला मिरवावा, हे मला फार आवडतं. राज्यभर फिरून मी पाहिलेल्या पुतळ्यांत शिकून काम करणाऱ्या बाईचा हा जवळजवळ एकटाच.

आता थोडं गंभीर. या राज्यात बरेच पुतळे आहेत पॉल बन्यनचे. दंतकथेतला अवाढव्य लाकूडतोड्या, सोबत 'बेब' नावाचा निळा बैल. बेमिजी गावात तळ्याकाठी दोघं १९३७ पासून उभे आहेत. पॉल अठरा फूट उंच. बैल सुरुवातीला ट्रकवर बसवून मिरवायचे, धुराड्याची नळी नाकपुड्यांत सोडलेली, म्हणजे बैल फुरफुरत यायचा! आपल्या गणपतीच्या देखाव्यांतही ही अक्कल चालली असती. एकली गावात तर पॉल गुडघा टेकून तळहात पुढे करून बसला आहे. माझी आई आली होती तेव्हा त्या तळहातावर बसली आणि म्हणाली, "अगं, याने काय केलं होतं?" मी म्हटलं, झाडं तोडली. ती म्हणाली, "आणि म्हणून पुतळा?"

आईच्या त्या प्रश्नामुळे मी शोधायला लागले. बन्यनच्या गोष्टी लाकूडतोड्यांच्या छावण्यांत चालत होत्याच. पण त्याला घराघरांत पोहोचवलं रेड रिव्हर लंबर कंपनीच्या जाहिरात-पुस्तिकांनी, १९१४ पासून. कंपनीचा मालक टी. बी. वॉकर. तिची मोठी गिरणी याच एकली गावात होती. म्हणजे आपला लाडका राक्षस मुळात लाकूड विकणारा ब्रँड, अगदी मटारवाल्यासारखाच. आणि जंगलं ज्यांची होती ते ओजिब्वे लोक बेमिजीच्या आसपासच्या तीन राखीव भूभागांत आजही राहतात. तळ्याकाठी त्यांच्यातल्या शेनोविशकंग यांचाही पुतळा आहे. गोऱ्या वसाहतकारांनी तळ्याचं नाव हेच त्यांचं नाव समजून त्यांना 'चीफ बेमिजी' करून टाकलं होतं. त्यांचा जुना पुतळा ओबडधोबड होता. २०१५ साली ब्राँझचा नवा बसवला, त्यांच्या खऱ्या नावानिशी. पर्यटक मात्र फोटो काढतात ते पॉलबरोबर. मीही काढला आहे, खोटं कशाला बोलू.

याच वॉकरच्या संग्रहातून मिनियापोलिसचं वॉकर आर्ट सेंटर उभं राहिलं. त्याच्या शिल्पबागेत १९८८ पासून एक महाकाय चमचा आहे, चमच्यावर लालबुंद चेरी. शहराचं जणू बोधचिन्हच. २०१७ साली त्याच बागेत 'स्कॅफोल्ड' नावाचं लाकडी शिल्प आलं. कलाकार सॅम ड्युरांट. अमेरिकन सरकारने दिलेल्या फाशींच्या वधस्तंभांची रचना एकत्र करून केलेलं. त्यातला एक होता मँकॅटोचा. तिथे २६ डिसेंबर १८६२ रोजी अडतीस डकोटा पुरुषांना एकाच वेळी फाशी दिलं गेलं. कलाकाराचा हेतू निषेधाचा होता. पण चेरीच्या शेजारी, जिन्यांवर मुलं चढतील असा तो सांगाडा, आणि डकोटा लोकांना कुणी आधी विचारलेलंच नव्हतं. लोक कुंपणाशी जमले. शेवटी कलाकार, संग्रहालय आणि डकोटा वडीलधारी मंडळी एकत्र बसली, आणि शिल्प उतरवायचं ठरलं. लाकूड पुढे डकोटा वडीलधाऱ्यांनी जमिनीत पुरलं, कुठे ते जाहीर न करता.

त्या दिवसांत ऑफिसात आमचा जेवणाच्या टेबलावर वाद झाला. एक सहकारी म्हणाला, आज हे काढलं, उद्या चमचा काढाल. मला तो मुद्दा पटला नाही, अजूनही पटत नाही. ज्यांच्या पणजोबांना फाशी झाली त्यांना न विचारता ती फाशी बागेत मांडणं, आणि चेरी मांडणं, यात फरक आहे. तो ओळखायला कलासमीक्षक असावं लागत नाही. ड्युरांटने शिल्पावरचे आपले हक्क डकोटांना देऊन टाकले, हे मला त्या सगळ्यातलं खरं काम वाटतं.

२०२१ साली त्याच बागेत अँजेला टू स्टार्स या डकोटा कलावतीचं काम उभं राहिलं. नाव 'ओक्चियापी', म्हणजे एकमेकांना मदत करा. त्यात गोलाकार बैठका आहेत, त्यांवर डकोटा भाषेतले शब्द आहेत, मध्ये पाणी आहे. फोनवर ते शब्द ऐकताही येतात. माझी मुलगी तिथे बसून 'म्नी' म्हणायला शिकली. म्नी म्हणजे पाणी. मिनेसोटातला 'मिने' तोच, आणि मिनियापोलिसमधलाही. एवढी वर्षं माझ्या पत्त्यावर लिहिलेला शब्द.

बाकीचे फोटो फोनमध्ये आहेत, पंगतीत दाखवते. पाणमांजर आधी.