अंगठा तिचा, ओटीपी त्याचा

(कार्यकर्त्या मैत्रिणींपुढे धाराशिव येथे केलेले भाषण)



'माहितीची सुरक्षा' म्हटले की मोठ्या कंपन्यांची कार्यालये आणि संगणक डोळ्यांपुढे येतात. मला मात्र कळंब-वाशीकडची बचत गटातली बाई दिसते. फायनान्सवाला दारात येतो. आधार कार्ड, नवऱ्याची कमाई, घराचा फोटो, तिचा अंगठा, सगळे त्याच्या मोबाइलमध्ये जाते. अर्जाची प्रत तिच्या हातात क्वचितच पडते. कर्जाची आणि चुकलेल्या हप्त्याचीही नोंद सिबिलसारख्या कंपन्यांकडे होते, हे तिला कोणी समजावत नाही. ती नोंद वर्षातून एकदा फुकट मागता येते, हे आपल्यातल्या तरी किती जणींना ठाऊक आहे?

शिवाय घरातला मोबाइल बहुधा नवऱ्याचा. कर्ज तिच्या नावे, ओटीपी त्याच्या खिशात! सप्टेंबर २०२५ मध्ये 'लाडकी बहीण' योजनेची ई-केवायसी आली, तेव्हा सरकारनेही पतीचा किंवा वडिलांचा आधार आणि त्यावरचा ओटीपी मागितला. टाकलेल्या बाईने तो कोणाच्या दारात जाऊन मागायचा? ओरड झाली, तेव्हा विधवा-परित्यक्तांसाठी वेगळी सोय करावी लागली. पुरुषप्रधानता यंत्रातही अशी बिनबोभाट शिरते.

२०२३ मध्ये केंद्राने डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा केला. त्यात संमतीची सूचना मराठीत मागण्याचा आणि दिलेली संमती तितक्याच सहज मागे घेण्याचा हक्क आहे. माहिती नीट राखली नाही तर कंपनीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम आले, पण कंपन्यांना तयारीसाठी पुढे अठरा महिने मिळाले. बाईला अंगठा द्यायला अठरा मिनिटेही मिळत नाहीत. आणि जिला पेरणीसाठी आजच पैसे हवेत, तिच्या 'संमती'ला मी तरी मोकळी संमती म्हणणार नाही.

हाच हिशोब आपल्या संस्थांनाही लागू आहे. मारहाणीच्या तक्रारीचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरला, तर ती कुठे आसऱ्याला आहे ते सासरी कळायला वेळ लागत नाही. सल्ला केंद्राची नोंदवही कुलपातच हवी. बलात्कार झालेल्या बाईचे नाव छापणे तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपल्या गटातल्या कर्जाच्या अर्जांच्या प्रती आणाव्यात. नसतील तर कंपनीकडे लेखी मागाव्यात. अर्जाचा मजकूर आपण इथेच बसून लिहू.