नेत्याची सत्ता आणि नेत्याची प्रतिष्ठा



राज्यकर्त्याच्या हातची सत्ता आणि समाजाने त्याला दिलेली प्रतिष्ठा या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्या एकाच व्यक्तीच्या ठायी असाव्यात की वेगळ्या ठेवाव्यात, याचे उत्तर प्रत्येक देशाने आपापल्या इतिहासातून शोधले आहे.

जपानमध्ये सम्राटाला देवत्व दिले जात असे. दुसऱ्या महायुद्धातील पराभवानंतर १ जानेवारी १९४६ रोजी सम्राट हिरोहितो यांनी ही कल्पना स्वतःच नाकारली. ३ मे १९४७ पासून अमलात आलेल्या राज्यघटनेने सम्राटाला राष्ट्राचे व जनतेच्या ऐक्याचे प्रतीक मानले, शासनाचे अधिकार मात्र दिले नाहीत. पंतप्रधानाची निवड संसद करते. नियुक्तीचा उपचार सम्राटाच्या हस्ते होतो.

अमेरिकेत राष्ट्रप्रमुख आणि शासनप्रमुख एकच. त्यामुळे १७८९ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन यांना संबोधावे कसे, हा प्रश्न तेथील सिनेटला अनेक दिवस पुरला! उपराष्ट्राध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स भारदस्त किताबाच्या बाजूचे होते. सिनेटच्या समितीने ‘हिज हायनेस’ने सुरू होणारे लांबलचक बिरुद सुचविलेही. प्रतिनिधिगृह बधले नाही आणि राज्यघटनेतील साधे पदनाम तेवढे राहिले. हा वाद वरकरणी क्षुल्लक वाटतो. परंतु नुकतीच राजसत्ता झुगारलेल्या समाजाला शब्दांच्या वाटेने राजा परत येण्याची धास्ती होती. पुढे फ्रँकलिन रूझवेल्ट चार वेळा निवडून आले, तेव्हा ही धास्ती पुन्हा जागी झाली. १९५१ च्या २२व्या घटनादुरुस्तीने कोणासही दोनपेक्षा अधिक वेळा राष्ट्राध्यक्षपदी निवडून येण्यास मनाई केली.

भारतीय राज्यघटनेने अनुच्छेद १८ अन्वये किताब रद्द केले. १९७१ च्या २६व्या घटनादुरुस्तीने माजी संस्थानिकांची मान्यता व तनखेही संपले. तथापि कायद्याने किताब जातो, मनातील दरबार जात नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी नेमका हाच धोका दाखविला होता. धर्मातील भक्ती मोक्षाकडे नेत असेल, पण राजकारणातील व्यक्तिपूजा अधःपतनाकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते, असा त्यांचा इशारा होता. थोर व्यक्तींविषयीच्या कृतज्ञतेला त्यांचा विरोध नव्हता. त्या कृतज्ञतेपोटी स्वातंत्र्य गहाण टाकण्याला होता.

२०१२ मध्ये राष्ट्रपतींसाठीचे ‘महामहिम’ हे संबोधन देशांतर्गत समारंभांतून वगळण्याचा निर्णय झाला. १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या वाहनांवरील लाल दिवेही गेले. वाहनांचे ताफे मात्र अद्याप आहेत आणि त्यांच्यासाठी रस्त्याकडेला थांबलेले नागरिकही.