मेंढपाळावांचून राहिलेला कळप
(ज्युबिलीच्या सायंकाळीं केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या दिवशीं पूर्वजांचें स्मरण करून परमेश्वराचे आभार मानावे, हें उचितच आहे. परंतु देवळाच्या भिंती व घंटा मोजून आपला हिशेब पुरा होत नाहीं. उद्यां या धर्मग्रामास धर्मगुरु उरला नाहीं, तर येथें श्रद्धा टिकेल काय, शेजारच्या गांवीं ती पोंचेल काय, हा खरा हिशेब होय. त्यासाठीं आज मी तुम्हांस लंकेंत नेतों.

डच लोकांनीं १६५६ सालीं कोलंबो व १६५८ सालीं जाफना पोर्तुगीजांकडून जिंकून घेतलें. त्यांनीं कॅथोलिक धर्मगुरूंस घालवून दिलें व आपल्या उपासनेस बंदी केली. सुमारें तीस वर्षें तेथील कळप मेंढपाळावांचून राहिला. ही वार्ता ऐकून, गोव्यांतील बाणावली गांवीं १६५१ सालीं जन्मलेले फादर जोसेफ वाझ १६८७ सालीं वेष पालटून लंकेस गेले. गळ्यांत जपमाळ घालून ते दारोदार भिक्षा मागत फिरले व जपमाळ ओळखणाऱ्यांवरून त्यांनीं आपला कळप हुडकला, असें त्यांचे चरित्रकार सांगतात. घरांघरांतून प्रार्थना जिवंत होती, म्हणूनच त्यांस कळप सांपडला.

एकटा याजक सर्वत्र पुरणार नाहीं, हें त्यांनीं जाणलें. म्हणून गांवोगांवीं भरंवशाचे प्रापंचिक पुढारी उभे केले. प्रार्थना चालविणें, मुलांस धर्मशिक्षण देणें, मरणोन्मुख बालकास बाप्तिस्मा देणें, हीं कामें त्यांच्याकडे आलीं. मागाहून गोव्याहून आणखी ओरेटोरियन धर्मगुरु गेले. त्यांतील फादर जाकोम गोन्साल्विस यांनीं सिंहली व तामिळ भाषांत ग्रंथ लिहून लोकांच्या मुखीं त्यांचीच भाषा दिली. १७११ सालीं फादर वाझ कँडी येथें निवर्तले. परंतु काम थांबलें नाहीं.

१७९६ सालीं डच सत्ता गेली. सरकारी चर्चच्या वह्यांत पुष्कळ नांवें होतीं. पण ज्या नांवांमागें सरकारी नोकरीची आशा होती, तीं आश्रय जातांच गळालीं. छळ सोसलेली मंडळी मात्र उभी राहिली. हें कोणास हिणविण्यासाठीं सांगत नाहीं. सत्तेच्या सावलींत वाढलेलें रोप आपल्या अंगणांतही सुकूं शकतें.

मी स्वतःची कबुली देतों. पूर्वीं एका धर्मग्रामांत सर्व कांहीं मींच केलें. मग तीन महिने आजारी पडलों, तेव्हां वाड्यांतील सायंप्रार्थनाही बंद पडली. दोष लोकांचा नव्हता. मीं त्यांस कधीं पुढें होऊंच दिलें नव्हतें.

मिस्साबलीसाठीं याजक हवाच. परंतु जेथें प्रार्थना टिकते, तेथूनच याजकही निपजतात. वडाची पारंबी जमिनीस टेकली, कीं ती नवें खोड होते. अधांतरीं राहिली, तर नुसती शोभा. म्हणून माझी विनंती एवढीच, कीं प्रत्येक वाडींतून दोघांनीं तरी यावें. प्रार्थना चालविण्यास व मुलांस शिकविण्यास मी त्यांस तयार करीन. आणि ते तयार झाले, कीं बाजूस सरेन.

२०१५ सालीं पोप फ्रान्सिस यांनीं कोलंबो येथें ज्यांस संतपद दिलें, ते संत जोसेफ वाझ आपणांसाठीं विनंती करोत. प्रभु आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.